क्राऊनखालची चकती

अकोल्यात बाळापूर नाक्याच्या पलीकडे टायरवाल्यांची ओळ संपते, तिथं देवानंद गावंडेचं पत्र्याचं गॅरेज आहे. इंजिनाला तो हात लावत नाही, डेंटिंग करत नाही, वायरिंगचं नाव काढलं तर शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवतो. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा लटकलेला असतो, त्याच्या पोटातला डिफरन्शियल, तेवढं एकच काम त्याने तीस वर्षं केलं. दर्यापूरपासून बाळापूरपर्यंतच्या काळीपिवळी जीपवाल्यांना या कामासाठी दुसरा मिस्त्री माहीत नव्हता.

माणूस कामाला चोख आणि तोंडाने विंचू. गिऱ्हाइकाने बाहेरून पार्ट आणला की देवानंद तो उलटासुलटा करायचा, मोजायचा आणि बहुतेक वेळा दोनच शब्द बोलायचा, "बसत नाई." एवढ्यावर थांबला असता तर कोणाची तक्रार नव्हती. पण तो थांबत नसे. मूर्तिजापूरच्या एका शिक्षकाला त्याने बायकोसमोर विचारलं होतं, "गुरुजी, पोट्ट्यायले गनित तुमीच शिकवता काय? मंग त्यायचं कसं व्हाव?" बायको हसली. गुरुजी गेले ते पुन्हा आले नाहीत. एका म्हाताऱ्या जीपवाल्याने नागपूरहून आणलेला गिअरचा जोड त्याने सगळ्यांदेखत भंगाराच्या ढिगावर ठेवला आणि म्हणाला, "बुढ्याले कोनी चष्मा घेऊन द्या रे." म्हातारा तो जोड दुपट्ट्यात गुंडाळून मुकाट निघून गेला. देवानंदला यात काही वावगं वाटलं नाही. आपण खरं बोलतो, एवढं त्याला पुरत होतं.

त्याची मोजायची एक रीत होती. एक्सलच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या लोखंडी दांड्याच्या, टोकाला उभ्या खाचा असतात. त्या आणि डिफरन्शियलच्या आतल्या खाचा सारख्या भरल्या तरच एक दुसऱ्यात जातो. देवानंद त्या डाव्या अंगठ्याच्या नखाने मोजायचा, मोठ्याने, एक एक करत. मध्येच कोणी बोललं की मान झटकून पुन्हा एकपासून सुरुवात. शिकाऊ असताना एकदा एका खाचेने चुकला होता, तेव्हा उस्तादाने पान्ह्याने त्याचं बोट फोडलं होतं. तेव्हापासूनची ही सवय.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत जठारपेठेतला सागर त्याच्याकडे आला. बापाची कापसाची जिनिंग, घरात चार गाड्या, आणि पोराला नाद जुनी जीप चिखलात पळवायचा. दर्यापूर रोडला पावसाळ्यात काळ्या वावरात शर्यती होतात, त्यात तो दोनदा मध्येच अडकून बसला होता. काळी माती तशीच असते. एक चाक रुतलं की साधा डिफरन्शियल सगळा जोर त्या फिरणाऱ्या चाकालाच देतो, आणि कोरड्यावरचं चाक नुसतं उभं राहतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल घातला की थोडा जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो आणि गाडी निघते. सागरने तसला एक दिल्लीच्या जुन्या बाजारातून मागवला होता. सोबत दोन मित्र होते. त्यातल्या एकाच्या हातात मोबाइल होता, पण मोबाइल कोणाच्या हातात नसतो? देवानंदने लक्ष दिलं नाही.

त्याने जीपचा एक्सल ओढून बाहेर काढला, चिंध्यांनी पुसला आणि मोजायला बसला. चौदापर्यंत आला तोच सागर म्हणाला, "मिस्त्री, चाय मागवू काय?"

देवानंदने मान झटकली. पुन्हा एक.

एकोणीसवर मित्राने विचारलं, "काका, हे किती वर्षांपासून करून राहिले तुमी?"

पुन्हा एक. पोरं एकमेकांकडे पाहून ओठ दाबत होती. तेवीसवर तिसऱ्याने शिंक काढली, तीही खोटी. चौथ्या खेपेला देवानंदचा आवाज चढला होता आणि कपाळावर घाम होता. अखेर एक्सल सत्तावीस भरला आणि आणलेला डिफरन्शियल तीस.

"बसत नाई," तो म्हणाला. मग नेहमीसारखं पुढे, "घ्याच्या आदी मोजाव लागते, भाऊ. बापाची जिनिंग असली म्हनून खाचा वाढत नसतात."

सागर हसला. रागावला नाही. तेव्हाच देवानंदला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी रील आली. 'मिस्त्रीचे पाढे' असं वर लिहिलेलं, मागे बालवाडीतल्या पोरांचा कोरस, आणि देवानंद एकपासून सुरू होतोय, थांबतोय, मान झटकतोय, पुन्हा एकपासून. शेवटी घामेजलेला चेहरा जवळून दाखवला होता आणि त्यावर गाढवाचं ओरडणं. आठवड्याभरात ती लाखो लोकांनी पाहिली. अकोल्यात तर ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये. नाक्यावर पानठेलेवाला त्याला पाहिलं की पुड्या मोजायला लागायचा आणि मध्येच थांबून मान झटकायचा. एसटीचा कंडक्टर दारातून ओरडायचा, "सतरा, अठरा, मिस्त्री, चाय घेता काय?" गिऱ्हाइकं मुद्दाम मध्ये बोलू लागली. ज्यांना त्याने वर्षानुवर्षं तोंडाने सोललं होतं, त्यांनी ती रील सगळ्यांत जास्त पुढे पाठवली. मूर्तिजापूरच्या गुरुजींनी तर वर्गात दाखवली म्हणे.

बायको साधना म्हणाली, "दोन दिवस हसतीन आन् भुलतीन. तुमी आंगावर घेऊ नका." त्याने तेही पचवलं असतं. पण त्याची मुलगी गीतांजली अमरावतीला कॉलेजात शिकत होती, होस्टेलवर राहायची. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देवानंद तिच्यासाठी शेव-चिवडा, लोणचं घेऊन जायचा, गेटवर उभा राहायचा, ती खाली यायची. त्या ऑगस्टात तिचा शनिवारीच फोन आला.

"बाबा, उद्या गेटवर नका येऊ. बसस्टँडवर थांबा, मीच येते."

"काहून वं?"

"पोरी मोजतात बाबा. जिन्यात मी उतरले की मोजतात."

देवानंद बसस्टँडवर थांबला. ती आली, पिशवी घेतली, आजूबाजूला पाहत दहा मिनिटं बसली आणि गेली. एवढ्या गर्दीत बापाशेजारी बसताना तिने ओढणी डोक्यावरून घेतली होती. तिला उन्हाचा त्रास नव्हता, ढग भरून आले होते.

त्याच आठवड्यात तो जठारपेठेत गेला. सागरने त्याला फाटकाबाहेरच उभं ठेवलं. आत झोपाळ्यावर बाप पेपर वाचत होता. देवानंद म्हणाला, "सागरभाऊ, ते काढून टाका. माह्या पोरीले तरास होऊन राह्यला."

"काका, तुमाले फेमस केलं मीनं. लोकं यासाठी मरतात."

"मले नाई पाह्यजे."

झोपाळ्यावरून बाप म्हणाला, "मिस्त्री, लेकरं हायत. मस्करी कराची नाई काय त्यायनं?" आणि पेपर उलटवला.

सागरने मग आवाज मऊ केला. "असं करा. मीनं दुसरा डिफरन्शियल मागवला हाय, सत्तावीस खाचांचा. तुमच्याच म्हनन्यावरून. शर्यत पंधरा दिवसांवर आली. तेवढा पाहून बसवून द्या, त्याच दिवशी रील उडवतो. आईची शप्पथ."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बुधाजी जीप घेऊन आला. बुधाजी बाळापूरचा, सागरच्या बापाकडे अकरा वर्षांपासून नोकरीला. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. देवानंद मोजत असताना तो बाजूला उकिडवा बसून राहिला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कितीतरी दिवसांनी देवानंदने एका दमात सत्तावीस मोजल्या. एक्सल बरोबर गेला. बेअरिंगची जागा व्हर्निअर लावून पाहिली, तीही बरोबर. बोल्टांची छिद्रं जुळली.

मग त्याने क्राऊन वर ठेवून पाहिला. क्राऊन म्हणजे तो मोठा दात्यांचा गोल, इंजिनाकडून येणारा पिनियन ज्याला फिरवतो. या डिफरन्शियलची क्राऊन बसायची जागा आठ मिलिमीटरने बुटकी होती. क्राऊन पिनियनपर्यंत पोचतच नव्हता. दुसऱ्या जातीच्या गिअरसाठी बनवलेला माल होता तो.

यावर बाजारात एक तोड आहे. क्राऊनखाली आठ मिलिमीटरची लोखंडी चकती घालायची आणि लांब बोल्ट मारायचे. दिसायला बरोबर दिसतं, गाडी चालते. पण जोर आला, भार आला की चकतीवरचे बोल्ट सैल होतात, एकेक तुटतो, आणि एक दिवस क्राऊन आतल्या आत अडकून मागची दोन्ही चाकं जागच्या जागी आवळतात. देवानंदने असं होताना पाहिलं होतं. चकती मागणाऱ्या किती तरी जणांना त्याने हाकलून दिलं होतं, अपमान करून.

फोनवर सागरने विचारलं, "काका, मोजनं झालं? बसते का नाई तेवढं सांगा."

देवानंदच्या डोळ्यांपुढे शर्यतीचं वावर आलं. गच्च भरलेला बांध, शंभर मोबाइल वर धरलेले, आणि चिखलाच्या मधोमध सागरची जीप मागून कडकड करत बसलेली. त्याच्यापुढे त्याने काही पाहिलं नाही. खरं तर पाहायला जागा होती.

"बसते," तो म्हणाला.

एमआयडीसीतल्या लेथवर त्याने चकती स्वतः उभं राहून करून घेतली. धार मोडली, कडा घासल्या, जाडी चार ठिकाणी मोजली. एवढं सुबक काम त्याने वर्षात केलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी तो गॅरेज बंद करून घरीच बसला, मोबाइल हातात घेऊन. संध्याकाळी व्हिडिओ आला. सागरची जीप गुडघाभर चिखलातून म्हशीसारखी सरसर निघून गेली होती. दुसरा नंबर. सागर चिखलाने माखलेला, हातात बक्षिसाची ढाल, आणि कॅमेऱ्यात बघून म्हणत होता, "ही सगळी कमाल देवानंद काकाची. अकोल्यात असा मिस्त्री नाई." जुनी रील त्याने खरंच काढून टाकली.

आठ वाजायच्या आत गीतांजलीचा फोन. "बाबा, पाह्यलं काय? पोरी म्हनतात तुह्ये बाबा तर हीरो निघाले." ती हसत होती. "या रविवारी गेटवर या. चिवडा जास्तीचा आना."

पुढचा महिना देवानंदच्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला गेला. वाशीमहून, खामगावहून पोरं जीपा घेऊन यायला लागली. पानठेलेवाल्याने मोजणं सोडलं. होस्टेलच्या गेटवर चार पोरींनी त्याच्यासोबत फोटो काढले. चकतीची आठवण त्याला रोज सकाळी शटर उघडताना व्हायची. जीप बोलावून घ्यायची, अर्ध्या दिवसात चकती काढायची, जुनं सामान परत टाकायचं, एवढंच काम होतं. पण मग सागरला सांगावं लागलं असतं की बसत नव्हतं. आणि सागर ते कॅमेऱ्यासमोर बोलला असता. देवानंद शटर उघडायचा आणि दुसऱ्या गाडीखाली शिरायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी बुधाजी जीप घेऊन आला. शर्यती संपल्या होत्या, सागरचं मन दुसऱ्या गाडीवर गेलं होतं, आणि बापाने जीप जिनिंगच्या कामाला लावली होती. मागे सरकीची पोती भरली होती.

"मिस्त्री, वळताना मांगून आवाज येते. कट्कट्. कालपासून वाढला हाय. पाह्यता काय जरासा?"

देवानंदला तो आवाज तपासायची गरज नव्हती. तो कशाचा, किती बोल्ट गेल्याचा, हेही त्याला ढोबळ सांगता आलं असतं. समोर खामगावच्या पोरांची जीप वर चढवलेली होती, पोरं त्याच्याकडे कौतुकाने पाहत उभी होती.

"लिमिटेड स्लिप हाय तो," देवानंद म्हणाला. "असाच वाजते. वळनावर वाजतच असते."

"म्हंजे भेव नाई?"

"नाई."

बुधाजीने मान डोलवली. त्याला बरं वाटलेलं दिसत होतं. तो पाणी पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, म्हैसांगच्या पुढे पुलाच्या अलीकडल्या उतारावर जीपची मागची चाकं एकदम आवळली. गाडी आडवी फिरली, कठड्याला लागली आणि खाली कलंडली. पोती बुधाजीच्या अंगावर आली. माणूस वाचला. उजवा पाय सरकारी दवाखान्यात गुडघ्याखालून कापावा लागला.

जीप ओढत देवानंदच्याच गॅरेजात आणली. सागरच्या बापाला दुसरा मिस्त्री नको होता, नावाजलेला हवा होता. देवानंदने शटर अर्धं ओढून घेतलं आणि गोळा उघडला. दहांपैकी सात बोल्ट तुटलेले, चकती तिरपी होऊन क्राऊनच्या दात्यांत रुतलेली. त्याने ती पहारीने उचकटून काढली, चिंधीत बांधली आणि जळक्या तेलाच्या डब्यात सोडून दिली.

संध्याकाळी बाप-लेक आले. सागर खरोखर घाबरलेला होता. "काका, काय झालं असन? आपन बसवलेलं तर..."

बाप मध्येच बोलला. "गाडीत दोष होता काय, तेवढं सांगा. लोकं म्हनतात बुधाजीनं जोरात हानली. दोष नसन तर मंग त्याचं तो पाहीन. मले ड्रायव्हर पोसाचा धंदा नाई."

सागर देवानंदकडे पाहत होता. त्या क्षणी पोराच्या चेहऱ्यावर मस्ती नव्हती, त्याला उत्तर हवं होतं. देवानंदने हात पुसले.

"गाडीत दोष नोता. ओव्हरलोड, आन् उतारावर ब्रेक एकदम मारला असन."

"झालं तर मंग," बाप म्हणाला.

आठवड्यात बुधाजीची नोकरी गेली. दवाखान्यात पहिल्या दिवशी पाठवलेला माणूस पुन्हा गेला नाही.

दिवाळीनंतर देवानंद बाळापूरला गेला. साधनाला त्याने सांगितलं की पार्ट आणायला चाललो. एसटीत त्याने काय बोलायचं ते ठरवलं होतं. बुधाजीचं घर किल्ल्याच्या बाजूला, दोन खोल्यांचं. बाहेर बाजेवर बुधाजी बसला होता, पायावर चादर. त्याची बायको मैना बसस्टँडजवळ भाजी विकायची, ती नुकतीच टोपली घेऊन परतली होती. तिने देवानंदला पाट दिला आणि चूल पेटवायला आत गेली.

बुधाजीला त्याला पाहून आनंद झाला. कोणीच येत नव्हतं.

"मिस्त्री, बरं झालं आले. तुमालेच विचाराचं होतं." तो पुढे सरकला. "मी आदल्या दिवशी आवाज सांगतला होता ना तुमाले? का मले आता भास होते? सारे म्हनतात तू ब्रेक मारला, तू हानली. मले तर ब्रेकवर पाय ठेवल्याचं आठोत नाई. चाकं आपोआप धरली, असं वाटते. पन रोज ऐकून ऐकून मलेच कळेनासं झालं. तुमी मिस्त्री हा. तुमी म्हनसान ते खरं."

आतून मैनाचा भांड्यांचा आवाज थांबला. ती ऐकत होती.

देवानंदने तोंड उघडलं. एसटीत ठरवलेलं सगळं वाक्य जिभेवर होतं. त्याच्या पुढे पोरगी होती, गेट होतं, वाशीमची पोरं होती, गॅरेजवर लावायला नावाचा बोर्ड रंगवायला दिला होता.

"आवाज सांगतला होता," तो म्हणाला. "पन तो साधा होता. त्यानं चाकं धरत नाईत."

"म्हंजे ब्रेकच."

"ब्रेकच असन."

बुधाजीने चादर गुडघ्यावर ओढून घेतली. मग हळूच मान हलवली, आदल्या वेळी गॅरेजात हलवली होती तशीच, समजल्यासारखी. "असन," तो म्हणाला. "वय झालं. पाय पडला असन."

मैना दारात आली. हातात चहाचे कप होते. ते खाली ठेवले आणि नवऱ्याकडे वळली. "रोज म्हनतो चाकं धरली, चाकं धरली. महिनाभर मी शेजारच्यायशी भांडली याच्यासाठी. जिनिंगवर जाऊन शेठले शिव्या देऊन आली. आता मिस्त्री सोताच सांगून राह्यले. कोनाकोनाचे पाय धरू मी आता?" तिचा आवाज चढला नव्हता. "माहा जल्म घालवला यानं एका ब्रेकपाई."

बुधाजीने देवानंदकडे पाहून ओशाळवाणं हसू आणलं, घरच्या बाईचं पाहुण्यांसमोर ऐकून घेताना माणसं हसतात तसं. कप उचलताना थोडा चहा चादरीवर सांडला. मैनाने चादर ओढून घेतली, पाय उघडा पडला, तिने पाहिलं नाही.

देवानंद चहा पिऊन उठला. मैनाने त्याला फाटकापर्यंत सोडलं. टोपलीत उरलेली वांगी तिने एका पिशवीत भरली, "बसस्टँडवर कोनी घेतली नाई, तुमी घेऊन जा, गोड हायत," असं म्हणाली. त्याने नको म्हणून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

घरी साधनाने विचारलं, पार्ट भेटला काय. भेटला नाही, तो म्हणाला. तिने रात्री वांग्याची भाजी केली, वर तेल आणि शेंगदाण्याचं कूट. देवानंदने ज्वारीच्या दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. गीतांजलीचा फोन आला तेव्हा तो हात धूत होता. पुढच्या रविवारी दोन मैत्रिणींना गॅरेज दाखवायला आणते म्हणत होती. "आन," तो म्हणाला.